अक्काची चौथी खोली

माझं अक्षर चांगलं आहे. वस्तीत मला मान मिळाला तो त्याच्यामुळे, आणि माझ्या बहिणीची खोली गेली तीही त्याच्यामुळेच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंडानं कबूल करणं वेगळं.

मी एका शाळेत लिपिक आहे. आमचं गाव परळीपासून एसटीनं पाऊण तासावर. दर रविवारी सकाळी मी विहारासमोरच्या कट्ट्यावर बसतो आणि लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. निराधाराचा पगार, घरकुल, रेशन कार्ड, अपंगाचा दाखला. वीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. कचेरीत अर्ज वाचणाऱ्याला दोन मिनिटं असतात आणि तेवढ्यात त्याला वाटलं पाहिजे की हा माणूस आज ना उद्या संपणार. म्हणून मी तसं लिहायचो. थोडं खोकणारा माणूस माझ्या अर्जात अंथरुणाला खिळलेला असायचा. ज्या बाईचा मुलगा पुण्याला जाऊन महिन्याला फोन करायचा, तिला ‘जवळचे कोणीही नातेवाईक नाहीत’. लोक शेजारी बसून ऐकायचे आणि खूश व्हायचे. “आता कसं कडक झालं,” म्हणायचे. माझा अर्ज परत येत नाही असं वस्तीत बोललं जायचं, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. चार-पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला आणि त्यात डोळे गेले. आई दिवसभर लोकांच्या रानात असायची, त्यामुळे मला सांभाळलं ते अक्कानं. ती मला भरवायची, अंघोळ घालायची, माझ्या शर्टाची गुंडी तुटली की बोटांनी चाचपून शिवायची. मी पाटी घेऊन बसलो की शेजारी बसायची. पेन्सिलीचा आवाज थांबला की लगेच म्हणायची, “थांबलास कावून?” मग मी पुन्हा गिरवायचो. ती अशी कान देऊन बसली नसती तर माझं अक्षर असं वळलं नसतं.

आई गेल्यावर मी अक्काला माझ्या घरी आणलं आणि त्याच महिन्यात तिच्या निराधाराच्या पगाराचा अर्ज लिहिला. तो मला आजही तोंडपाठ आहे. ‘सदर महिला पूर्णतः अंध असून स्वतःचे कोणतेही दैनंदिन काम करू शकत नाही. जेवण, अंघोळ, वस्त्र नेसणे यासाठीही ती इतरांवर अवलंबून आहे. तिला क्षणभरही एकटे ठेवता येत नाही.’ सोबत स्टॅम्प पेपरवर माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. मी तिचा सख्खा भाऊ, शाळेत नोकरीला, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.

मी हे मोठ्यानं वाचत होतो तेव्हा अक्का चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

“हे कुणाचं लिहिलंस?” तिनं विचारलं.

“तुझंच.”

“आन् मग ही भाकर कोण करतंय?”

माझी बायको हसली, मीही हसलो. “अक्का, असंच लिहावं लागतं. खरं लिहिलं तर कुणी देत न्हाई.”

“लिही बाबा. तुला कळतंय त्यातलं.” तिनं पिठाचा हात पुसला आणि अंगठा पुढं केला. शाईच्या डबीत तिचा अंगठा मी माझ्या हातानं दाबला. कागदावर शाईसोबत थोडं पीठही उमटलं. ते मी फुंकर मारून उडवलं.

पगार सुरू झाला. त्याला आता बरीच वर्षं झाली.

परळीतल्या खोल्यांचं मला आमच्या हेडमास्तरांकडून कळलं. एका संस्थेनं गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे, आठ खोल्या बांधल्या होत्या. कमाई नसलेल्या किंवा थोडी असलेल्या, पण आपलं आपण करू शकणाऱ्या अंध माणसांसाठी. आश्रम नव्हता तो. प्रत्येकाची स्वतंत्र खोली, स्वतःची शेगडी, स्वतःचं कुलूप. भाडं नावापुरतं.

मी ते घरी सहज बोलून गेलो. अक्का पलंगावर बसली होती. दोन दिवसांनी मी शाळेला निघालो तर तिनं विचारलं, “त्या खोल्यांचं काय झालं?”

“कुठल्या?”

“कुलूप म्हणलास ते.”

तिला एवढंच लागलं होतं. आमच्या घरात तिची अशी जागा म्हणजे पलंगाची भिंतीकडची बाजू आणि खालची एक पत्र्याची पेटी. पेटीला कडी होती, कुलूप नव्हतं. बायकोचं तिच्याशी कधी वाकडं नव्हतं, पण घर दोन खोल्यांचं. सायकल कधी दारात, कधी आत. तांब्या आज इथं, उद्या तिथं. अक्का दिवसातून दहादा कशाला तरी धडकायची आणि म्हणायची, “चुकलं माझंच.”

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहितो. लोक म्हणतील, आंधळ्या बहिणीला बाहेर काढलं. मी म्हणालो, “बघू.” ती म्हणाली, “तू बघ. मला फकस्त जायचंय.” तिच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं हे पहिलं मागणं होतं.

संस्थेची पद्धत अशी होती की आधी तीन महिने राहून बघायचं. जमलं, कागद तपासले गेले, की खोली कायमची. अक्काला चौथी खोली मिळाली.

खोल्यांपुढे लांब ओसरी होती आणि तिच्या कडेनं कमरेइतक्या उंचीवर लोखंडी पाइप. त्यावर हात ठेवून चाललं की प्रत्येक दाराशी पाइपला एक उंचवटा लागायचा. दारांवर ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांचे आकडे होते, पण अक्काला ते वाचता येत नव्हते. तिनं जुन्या गोधडीचा एक तुकडा कापून कडीला बांधला. सकाळ-संध्याकाळ एक मावशी यायच्या. लाइटचं बिल वाचून दाखवायच्या, औषधाची बाटली कुठली ते सांगायच्या, बाजाराला जायचं असेल तर सोबत करायच्या. पण त्यांना एक नेम घालून दिला होता, मागितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आणि येणाऱ्या प्रत्येकानं, दार सताड उघडं असलं तरी, बाहेर थांबून आपण कोण ते सांगायचं.

पहिल्या रविवारी मी कट्ट्यावर न बसता परळीला गेलो. ओसरीवर पाचव्या खोलीसमोर एक माणूस बसला होता. तोही अंध, चाळिशीचा, रेल्वेगाड्यांमधून खोबऱ्याच्या गोळ्या विकणारा.

“चौथ्या खोलीकडं निघालात न्हवं?” तो म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“उजव्या चपलेचा अंगठा तुटलाय तुमच्या. अक्का म्हणल्या होत्या, भाऊ येईल, फरपटत चालतो. जावा, पण आवाज देऊन जावा. परवा न बोलता शिरलो तर मला लाटणं हाणलं त्यांनी. आन् नेम बघा, बरोबर डोक्यात.”

आतून अक्काचा आवाज आला, “पुन्यांदा आला तर पुन्यांदा हाणीन.”

मी दाराशी थांबलो आणि म्हणालो, “अक्का, मी.”

“ये की. बस.”

बस म्हणाली ती एखाद्या घरधनिणीसारखी. मी बसलो. तिनं पातेलं काढलं, पाणी ओतताना कडेला बोट धरून मापलं, डबा उघडायच्या आधी हलवून पत्ती की साखर ते ऐकलं, शेगडी पेटवली. मी मध्येच उठून कप घ्यायला गेलो तर म्हणाली, “बस खाली. पाव्हणा हायस.” उकळी फुटल्याचा आवाज मला यायच्या आधी तिनं गॅस बारीक केला. चहा गाळताना एक थेंब सांडला नाही. मी पन्नाशीला आलो आहे आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या बहिणीच्या घरी चहा प्यालो.

तिनं मला सगळं दाखवलं. खिडकीच्या फळीवर बोट फिरवलं आणि अंगठ्याशी चोळलं. “राख. आज वारं थर्मलच्या चिमण्यांकडून हाय. अशा दिशी लुगडी आत वाळवायची.” गाडी गेली तर म्हणाली, “ही मालगाडी. डबे मोजत बसले का दुपार जाती.” मग पदराच्या टोकाची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात दिली. “बघ.” मी बघितली. साधी पितळी किल्ली. “दे,” म्हणाली आणि पुन्हा गाठ मारली.

निघताना मी कप धुऊन ठेवला, ओटा पुसला, लायटर उचलून वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत असताना फोन आला. मावशींनी लावून दिला होता.

“भाऊ, लायटर कुठं ठिवलास?”

“वरच्या फळीवर. का?”

“सकाळपासून चहा न्हाई. इथं येऊन कायबी उचलू नको. मी चांगली हाय.”

मला तेव्हा हसू आलं होतं.

तीन महिन्यांत तिला एकदा चटका बसला, एकदा दूध उतू गेलं. तेवढं माझ्याही घरी होतं. पाचव्या खोलीतला माणूस संध्याकाळी गाडीवरून आला की दाराबाहेरूनच ओरडायचा, “अक्का, मी हाय, लाटणं खाली ठिवा!” मग ती त्याला चहा द्यायची आणि तो तिला दिवसभराच्या गाडीतल्या गोष्टी सांगायचा. ती मोठ्यानं हसते हे मला तिथं कळलं.

तीन महिने संपत आले तेव्हा संस्थेच्या सचिव मॅडमनी कागद मागितले. आधार कार्ड, अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नासाठी निराधार पगाराच्या मंजुरीची प्रत. एवढंच. मंजुरी म्हणजे एक पान. पण मी लिपिक माणूस. अपुरे कागद जोडणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली. मी कपाटातून अक्काचं प्रकरण काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्याची झेरॉक्स काढली. मूळ अर्ज, प्रतिज्ञापत्र, पंचनामा, मंजुरी. अनुक्रमणिका लिहिली, पानांना नंबर घातले, टॅग बांधला. आपण किती व्यवस्थित आहोत हे मॅडमना दिसावं असं वाटत होतं.

आठ दिवसांनी मला बोलावणं आलं.

ऑफिस म्हणजे पहिल्या खोलीच्या अलीकडची एक खोली. मॅडम होत्या आणि संस्थेवर असलेले एक म्हातारे डॉक्टर. अक्काला बाहेर ओसरीच्या बाकावर बसवलं होतं. खिडकी उघडी होती. ती सगळं ऐकणार हे मला बसतानाच कळलं होतं.

मॅडमनी प्रकरण माझ्यापुढं उघडून ठेवलं. “हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“सुंदर आहे.” त्या खोटं बोलत नव्हत्या. मग त्यांनी वाचलं. जेवण, अंघोळ, वस्त्र नेसणे. क्षणभरही एकटे ठेवता येत नाही. माझीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“आम्ही त्यांना तीन महिने पाहतोय,” त्या म्हणाल्या. “त्या उत्तम राहतात. पण उद्या गॅसचं काही झालं, तर आमच्या फाइलमध्ये हा कागद असेल. सख्ख्या भावानं शपथेवर लिहिलेला. लोक म्हणतील, एवढं माहीत असताना तुम्ही हिला एकटी ठेवलीच कशी?”

“ते फार जुनं आहे, मॅडम. तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

डॉक्टर म्हणाले, “मग काय, मध्यंतरी दिसायला लागलं का त्यांना?”

मॅडमनी एक कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. “एकच करा. हे खरं नव्हतं, त्या आपलं सगळं आपण करतात, एवढं लिहून द्या. दोन ओळी. मी आजच खोली त्यांच्या नावावर करते.”

दोन ओळी. कट्ट्यावर मी बोलता बोलता दोन पानं लिहायचो. पेन हातात घेतलं. टोपण काढलं. आणि माझ्या डोळ्यांपुढं प्रतिज्ञापत्राखालची माझी सही आली, आणि तिच्या शेजारी लिहिलेलं ‘शाळेत नोकरीला’. नोकरीची आठ वर्षं राहिली होती. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे काय ते मला इतरांपेक्षा जास्त माहीत. पगार बंद होईल, मग अक्का खाईल काय, हाही विचार आला. पण तो नंतर आला. कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की तो आधी आला होता. नव्हता आला.

टोपण लावलं. “मला आठ दिवस द्या.”

बाहेर आलो तर अक्का बाकावर ताठ बसली होती.

“लिहिलंस का?”

“अजून न्हाई. करतो काहीतरी.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “पेन उघडल्याचा आवाज आलता.”

त्या आठ दिवसांत मी फिरलो. ज्या कचेरीत माझे अर्ज कधी अडले नव्हते तिथं जाऊन ओळखीच्या कारकुनाला एकीकडे घेतलं. “समजा, एखाद्यानं आधी जास्तीचं लिहिलं असेल आणि आता खरं सांगायचं असेल तर?”

तो माझ्याकडे बघून हसला. “गुरुजी, खरं सांगायचा फॉर्मच न्हाई आपल्याकडं. लिहून दिलं की पगार बंद, मागचं वसूल, आन् शपथेवर लिहिणाऱ्याची चौकशी. कुणाचं हाय?”

“नातेवाइकाचं.”

“मग नातेवाइकाला म्हणावं, गप बस.”

डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे गेलो. अक्का एकटी राहायला समर्थ आहे असा दाखला द्या म्हणालो. ते बिचारे चांगले होते. म्हणाले, “मी डोळ्यांचं लिहू शकतो. भाकरी येते का नाही ते मी कसं लिहिणार?” भाकरी माझ्या बायकोनं बघितली होती, मावशींनी बघितली होती, पाचव्या खोलीतल्या माणसानं खाल्ली होती. त्यांच्यातल्या कुणाची सही चालत नव्हती. चालणारी सही माझी होती.

आठव्या दिवशी मी जे केलं ते मला येत होतं तेच. अर्ज लिहिला. दोन पानी. ‘कालांतराने व सातत्यपूर्ण सरावाने सदर महिलेने दैनंदिन कामांत उल्लेखनीय प्रगती साधली असून, पूर्वीच्या परिस्थितीत अनुकूल बदल झाला आहे.’ त्यात मी जुनं खोटं होतं असं म्हटलं नव्हतं आणि नवं खरं आहे असंही धडपणे म्हटलं नव्हतं. लिहून झाल्यावर मला तो आवडलाही होता, हे सांगायला लाज वाटते.

मॅडमनी दोन्ही पानं सावकाश वाचली. “छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण मी विचारलं होतं ते यात कुठं आहे?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर कदाचित मी लिहून दिलं असतं. मॅडम म्हणाल्या, यादीत आणखी माणसं थांबली आहेत, रविवारपर्यंत खोली मोकळी करावी लागेल. वाईट वाटतंय, असंही म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

रविवारी सामान न्यायला मी गेलो. अक्कानं सगळं आधीच बांधून ठेवलं होतं. तिनं कडीचा गोधडीचा तुकडा सोडला आणि कमरेला खोचला. पाइपवर हात ठेवून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा गेली आणि आली. मग पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, तिनं दात लावले. किल्ली मावशींच्या हातात दिली. मावशी रडायला लागल्या, अक्का रडली नाही.

पाचव्या खोलीतला माणूस त्या दिवशी गाडीवर गेला नव्हता. म्हणाला, “अक्का, तुमी गेल्यावर लाटणं कोण हाणणार मला?”

“नवीन येईल त्यास्नी सांगून जाते. डोकं कुठं असतंय तेबी सांगते.”

तो हसला. मग माझ्याकडे तोंड करून, बरोबर माझ्याकडे, म्हणाला, “साहेब, तुमाला तर दिसतंय. तुमी बघायचं हुतं की कायतरी.”

एसटीत अक्का खिडकीशी बसली. परळी मागं पडेपर्यंत तिनं खिडकीच्या पट्टीवर बोट ठेवलं होतं, मधूनच अंगठ्याशी चोळत होती. घाट उतरल्यावर तिनं हात मांडीवर घेतला. एवढ्या वाटेत ती एकच वाक्य बोलली. “चपल शिवून घे.”

इथपर्यंतचं मी केलं असं म्हणता येईल. पुढचं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.

परत आल्यावर मला भीती बसली. प्रकरण एकदा बाहेर गेलं होतं, चार लोकांनी वाचलं होतं. उद्या कुणी तक्रार केली की ही बाई तर नळावर पाणी भरते, तर? मी बायकोला म्हणालो, अक्काला बाहेर नळावर पाठवू नको. मग अंगणात भांडी घासायची बंद झाली. मग दार उघडं असेल तेव्हा चुलीपुढं बसायचं बंद झालं. कुणाची चाहूल लागली की बायको तिच्या मांडीवरचं सूप काढून घ्यायची, “अक्का, ऱ्हाऊ द्या, कुणीतरी आलंय.” बायकोला ते आवडत नव्हतं. एकदा मला म्हणाली, “अहो, चांगल्या माणसाला आपण आजारी करतोय.” मी लिहिलेल्या अर्जासारखी माझी बहीण मी घरात करत होतो. एक एक ओळ.

अक्कानं विरोध केला नाही. एकदाच, मी शाळेतून आलो तेव्हा, पलंगावरून हात पुढं करून म्हणाली, “मला मोरीपस्तोर ने.” तिला मोरी कुठं आहे ते ठाऊक होतं. मी हात धरून नेलं.

कट्ट्यावर मी अजूनही बसतो. मध्ये दोन-तीन रविवार गेलो नाही, तर लोक घरी यायला लागले. मागच्याच महिन्यात एक पोरगी तिच्या आजोबाला घेऊन आली. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. म्हातारा काठी न घेता चालत आला होता. “काका, जरा कडक लिहा,” ती म्हणाली. मी पेन उघडलं आणि आजोबांकडे बघितलं. त्यांना विचारलं, “बाबा, तुमचं तुम्ही काय काय करता?” ते उत्साहानं सांगायला लागले. शेळीचं दूध काढतो, सुतळी वळतो. पोरगी घाबरून म्हणाली, “ते लिहू नका!” मी लिहिलं नाही. जे लिहितो तेच लिहिलं.

परवा पडताळणी होती. वर्षातून एकदा एक माणूस घरोघर येऊन बघतो की पगार घेणारा जिवंत आहे आणि परिस्थिती तीच आहे. मी शाळेतून रजा काढली. अक्का भाकरीचं पीठ मळत होती. त्याची मोटारसायकल गल्लीत वाजली तशी बायकोनं परात उचलली, अक्काचे हात ओल्या फडक्यानं पुसले, तिला पलंगावर बसवून अंगावर चादर टाकली आणि स्वतः परात घेऊन मागं गेली.

तरुण माणूस होता, घाईत होता. “मावशी, जेवण कोण देतं?”

“भावजय,” अक्का म्हणाली.

“अंघोळ?”

“तीच.”

“एकटं राहता येतं का?”

अक्का थांबली. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल, पण तिला ऐकू जाणार नाही असं काही नसतं.

“राहिलते,” ती म्हणाली. “तीन महिने.”

त्यानं कागदावरून मान वर केली. “कुठं?”

“परळीला.”

“कुणाकडं राहिला होता?”

“माज्या घरी.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. नजरेनंच विचारलं, हे काय आहे? मी काही सांगायच्या आधीच तो हळू आवाजात म्हणाला, “वय झालं की होतं असं,” आणि वाट बघत राहिला.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानं एका चौकोनात खूण केली, अक्काचा अंगठा घेतला आणि गेला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला वळला.

“तू काय म्हणलास त्येला?” अक्कानं विचारलं.

“काही म्हणालो नाही.”

“न्हाईच म्हणला असशील.” तिनं चादर बाजूला केली, पाय खाली सोडले. अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली. “परात कुठं हाय?”

“बस, देतो मी.”

“देऊ नको. कुठं हाय तेवढं सांग.”

मी मागच्या खोलीत गेलो. बायको नळावर गेली होती. चुलीपाशी बघितलं, पिठाच्या डब्यामागं बघितलं, फळीवर, पाण्याच्या टाकीमागं. अक्का चौकटीला हात लावून उभी होती आणि मी सांगायची वाट बघत होती. मला परात सापडत नव्हती.